एकोणीस नंबरचा फर्मा

माझे मामा बाइंडर आहेत. म्हणजे दिवसाचे आठ तास एका जागी बसून पुस्तकं शिवायची, आणि एका जागी बसणं ही एकच गोष्ट त्यांना जन्मात जमलेली नाही. दहा पुस्तकं शिवून झाली की उठतात, खिडकीपाशी जातात, रस्त्यावर काही घडत नाहीये याची खात्री करून घेतात आणि परत येतात. मी त्यांच्याकडेच राहतो; घरी तर विचारूच नका. मामी म्हणते, "यांच्या पायाखालची फरशी आधी झिजेल, मग हे."

हातांचंही तेच. कागद सापडला की घडी. विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, मामा बोलता बोलता त्याच्या सोळा पानांच्या घड्या पाडतात आणि अंगठ्याच्या नखाने कड दाबून टाकतात. एकदा बिल भरायला मामी गेली तर खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, यातलं नेमकं कुठलं पान वाचू?"

त्यांचा कारखाना म्हणजे छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. एका खोलीत लांब टेबल, खळीचा डबा, पुठ्ठे, दोऱ्याची रिळं. दुसऱ्या खोलीत कापायचं यंत्र, ज्याच्या पात्याकडे कारखान्याचा मालकही आदराने बघतो. छापून आलेला मोठा कागद घडी घातल्यावर सोळा पानांचा होतो. त्याला फर्मा म्हणायचं. फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. क्रम चुकू नये म्हणून फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो आणि पाठीवर काळी खूण. सगळे फर्मे एकावर एक ठेवले की त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. पायरी तुटली की फर्मा चुकला. बाइंडरला पुस्तक तपासायला अक्षरं लागतच नाहीत. मालक तर सांगायचाच, "वाचणारा बाइंडर म्हणजे दारू प्यालेला ड्रायव्हर. गाडी चालेल, पण कुठे जाईल सांगता येणार नाही."

मामा तेवीस वर्षं कोरडे राहिले. मग एका थोर कवीची समग्र कविता कामाला आली, दोन खंडांत, अकराशे प्रती. कवी इतका थोर की त्याच्या नावाचा रस्ता आमच्याही गावात आहे, आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्यांपैकी एकानेही त्याला वाचलेलं नाही. मामांनीही वाचला नसता. पण एकच फर्मा अकराशे वेळा घडी घालायचा म्हणजे वरची ओळ अकराशे वेळा डोळ्यांखालून जाते. चारशे-पाचशेच्या आसपास कधीतरी ती डोळ्यांतून आत गेली.

बापाच्या हातांना चामड्याचा वास होता,
माझ्या हातांना शाईचा.
आम्ही दोघं जेवायच्या आधी हात धुतो
आणि एकमेकांना ओळखतो.

मामांनी स्वतःच्या हाताचा वास घेतला. खळ. घरी येऊन मामीला म्हणाले, "हा माणूस आपल्यातला आहे."

"कोण? कुठे राहतो?"

"मेलाय. सत्तर वर्षं झाली."

"मग जेवायला नाही ना येणार," मामी म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

जेवायला आला नाही, पण मुक्कामालाच आला. छपाईत प्रत्येक फर्म्याच्या चार-दोन प्रती जास्तीच्या निघतात. त्या रद्दीत जातात. मामांनी जेवणाच्या सुट्टीत त्या रद्दीतून पहिल्या खंडाचे फर्मे एकेक वेचून स्वतःसाठी एक प्रत बांधली. एकोणीस नंबर तेवढा मिळत नव्हता, तो जिन्याखालच्या ढिगात सापडला. हिरव्या कापडी पाठीची ती प्रत मग घरातल्या कपाटात न जाता मामांच्या उशाशी गेली. दुसऱ्या खंडाचे फर्मे तोवर रद्दीवाल्याने नेले होते. मामांना त्याचं दुःख नव्हतं. म्हणायचे, "एका माणसाला एक खंड पुरतो."

तेव्हापासून घरात काहीही झालं की मामा आधी त्याला विचारणार. मामी कवीला 'माझी मिशाळ सवत' म्हणते, कारण पहिल्याच पानावर त्याचा झुपकेदार मिशांचा फोटो आहे. "सवतीला विचारलंत का?" हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न. शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडण झालं, विचारा सवतीला. मला दहावीनंतर कुठे जायचं कळेना, मामांनी पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं, "नदी मोजतात ते काठावर राहतात." मी यावरून कॉमर्सला जाऊ नये असा अर्थ काढला आणि सायन्सला जाऊन गणितात नापास झालो. यात कवीची चूक नाही. तो माझ्याशी बोलतच नव्हता.

पण मामांशी बोलायचा, हे मला कबूल करायलाच हवं. माझी आजी, म्हणजे मामांची आई, शेवटच्या आजारात कुणाला ओळखत नव्हती. मामा तिच्या खोलीत जायचे, दोन मिनिटं उभे राहायचे आणि बाहेर यायचे. काय बोलावं, हात कुठे ठेवावेत, काही कळायचं नाही. मग एके दिवशी ते नेलकटर घेऊन आत गेले. कवीच्या एका कवितेत मुलगा म्हाताऱ्या आईची नखं कापतो, एवढंच आहे. मामा रोज एक बोट घ्यायचे. वीस दिवस पुरलं. सातव्या की आठव्या दिवशी आजी म्हणाली, "हळू रे, लहान असताना तू केवढा रडायचास." एरवी शब्द सापडत नसलेल्या माणसाला कुणीतरी हाताला धरून त्या खोलीत नेलं होतं. त्यानंतर मी कवीची चेष्टा जरा कमी केली. मामीने नाही केली.

आता ताईचं सांगतो. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. हॉस्पिटलात तपासण्या करायचं शिक्षण घेतलं आणि पाच वर्षांपूर्वी दूरच्या शहरात नोकरी धरली. मामीने चार दिवस आधीपासून डोळ्यांना पदर लावला होता. मामा मात्र आदल्या संध्याकाळी पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालत होते. सकाळी ताई बॅग घेऊन दारात उभी राहिली, बापाकडे बघितलं. मामा उंबऱ्याच्या आत, हात खिशात. "जाऊन ये" नाही, "पोचल्यावर कळव" नाही, काही नाही. ताई गेली. मामांनी दार लावून घेतलं. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानाच्या तळाशी आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर हे होतं:

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये,
पावलं अडखळतात.
उंबऱ्यात उभं राहावं, हात खिशात ठेवून,

आणि फळी लावून घ्यावी.
पाण्याला पाण्याची वाट ठाऊक असते.

मला ही कविता तेव्हाच मामांनी वाचून दाखवली होती. "फळी म्हणजे दार. बघ, किती मोठं मन लागतं याला," म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की बापाने तोंडावर दार लावलं. ती पाच वर्षांत एकदाही घरी आली नाही. दर रविवारी मामीला फोन करायची, शेवटी विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" मामी म्हणायची, "बरे आहेत, चालतायत." मामा तेव्हा खरंच त्याच खोलीत चालत असायचे.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मामीने फोन ठेवला आणि खुर्चीत बसकण मारली. "परदेशी निघालीय. तीन वर्षांचा करार. येत्या शनिवारी. विचारत होती, जायच्या आधी घरी येऊ का. बाबांना काय वाटतं ते विचार म्हणाली."

मामा खिडकीपाशी गेले. परत आले. उशाशी हात घातला.

"अहो, पुस्तक नका काढू," मामी म्हणाली. "तुमची मुलगी विचारतेय. तुम्हाला. मिशीवाल्याला नाही."

"तिची वाट तिला ठाऊक आहे. आपण मध्ये पडू नये."

"म्हणजे सांगू काय तिला? येऊ नको म्हणून?"

"काही सांगू नको."

"वा! पाच वर्षं काही सांगितलं नाहीत, त्याचं काय सोनं झालं तेवढं दाखवा!"

मामी तरातरा आत गेली आणि भांडी अशी घासली की शेजारीण विचारायला आली. मामांनी त्या आठवड्यात वर्तमानपत्राचा एकही अंक सरळ सोडला नाही. जेवताना उठायचे. अंघोळीला जाऊन कोरडेच परत यायचे. मला वाटेत अडवून म्हणाले, "बरोबर आहे ना माझं?" दिवस मात्र चालले होते, शनिवार जवळ येत होता आणि ताईचा प्रश्न मामीच्या फोनमध्ये तसाच पडून होता.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी मी कारखान्यात मामांचा डबा पोचवायला गेलो. मामा टेबलाशी उभे होते आणि त्यांच्यासमोर तोच ग्रंथ सोललेला पडला होता. गावच्या लायब्ररीने जुनी पुस्तकं पुन्हा बांधायला पाठवली होती, त्यात कवीचे दोन्ही खंड. पुन्हा बांधायचं म्हणजे आधी पुठ्ठा काढायचा, जुना दोरा कापायचा, फर्मे सुटे करायचे. मामांच्या हातात एकोणीस नंबरचा फर्मा होता.

"ही प्रत चुकीची आहे," मामा म्हणाले.

"कशी काय?"

"बघ ना. दोनशे एकोणनव्वद पान. इथे 'आणि फळी लावून घ्यावी' पाहिजे. इथे भलतंच काहीतरी आहे. छापखान्याने घोळ केला. आता ग्रंथपाल बाईंना सांगायला लागेल."

मी पान घेतलं. वाचलं. मग दोनशे अठ्ठ्याऐंशी घेतलं आणि दोन्ही लागोपाठ मोठ्याने वाचली.

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये,
पावलं अडखळतात.
उंबऱ्यात उभं राहावं, हात खिशात ठेवून,

असं शहाणी माणसं सांगतात.
मी कोपऱ्यापर्यंत धावलो
आणि तिचं नाव इतक्या जोरात घेतलं
की चार अनोळखी बायकांनी वळून पाहिलं.

मामा खिडकीपाशी गेले नाहीत. जिथे होते तिथेच उभे राहिले. त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "ही प्रत चुकीची आहे."

मग त्यांनी दुसरा खंड ओढला. त्याचा दोरा अजून कापला नव्हता. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादं पुस्तक वाटेल तसं फाडलं असेल. एकोणीस नंबर काढला. दोनशे एकोणनव्वद पान. 'आणि फळी लावून घ्यावी.' त्याच्या आधीच्या पानावर एक पाणचक्कीवाला होता. दिवसाचं दळण संपवून तो पाटाची फळी खाली सोडतो आणि घरी जातो. संपूर्ण कवितेत मुलगी नाही, उंबरा नाही, कुणी जात नाही की येत नाही. पीठ आहे आणि पाणी आहे.

दोन्ही खंडांची पानं एकपासून सुरू होत होती. फर्म्यांचे आकडे तेच, पाठीवरच्या खुणाही त्याच जागी. छापखान्याने आकड्यापुढे खंडाचा क्रमांक टाकला नव्हता, आणि यावरून मामांनी तेव्हा आख्ख्या छापखान्याचा उद्धार केला होता. दोन खोल्यांत दोन खंड वेगळे ठेवून त्यांनी अकराशे गिऱ्हाइकांना अकराशे प्रती बिनचूक दिल्या. चूक फक्त एका प्रतीत झाली. त्या प्रतीत पायऱ्या बरोबर उतरत होत्या, पानांचे आकडे सलग होते, कवितांना मथळे नव्हते. वाचायचं राहिलं होतं तेवढं.

"पण मामा," मी म्हणालो, "तीनशे चार पानावर एक कविता मध्येच तुटते. तुम्ही मला सांगितलं होतं, थोर माणसं अशीच वाक्य अर्धं सोडतात, बाकीचं आपण ओळखायचं."

"गप बस," मामा म्हणाले.

मामा टेबलाभोवती फिरायला लागले. एक फेरी, दोन, पाच. मालक आत डोकावला, टेबलावरची चिरफाड बघितली, मामांकडे बघितलं आणि परत गेला.

"म्हणजे ती कविता नव्हतीच," मामा म्हणाले. "मी शिवली ती."

"अर्धी होती."

"अर्धी होती म्हणजे काय! अर्ध्या औषधाने माणूस अर्धा बरा होतो काय?" पुन्हा एक फेरी. "आणि मला कसं रे कधी वाटलं नाही? बाकी सगळीकडे तो कसा बोलतो ते मला पाठ आहे. तो असा नाही. तो आईची नखं कापतो. तो दार लावून घेईल का? कोपऱ्यापर्यंत धावणारा माणूस आहे तो. मला कळायला हवं होतं."

"कळलं असेल," मी म्हणालो. "पण हे सोपं होतं."

हे मी बोलायला नको होतं. मोठ्यांना असं बोलत नाहीत. मामांनी माझ्याकडे बघितलं. एक ठेवून देतील असं वाटलं. मग म्हणाले, "बोलायला सुरुवात केली असती तर रडलो असतो. म्हणून ते पान आवडलं मला." आणि डब्याला हात न लावता जिना उतरले.

घरी मामी दुपारची आडवी झाली होती. मामा म्हणाले, "फोन दे. लावून दे तिला."

मामी उठून बसली. फोन लावून दिला. ताईच्या मागे हॉस्पिटलचा गलका ऐकू येत होता. "आई, कामावर आहे, काय झालं?"

"मी आहे," मामा म्हणाले.

गलका जरा दूर गेला, ताई बाजूला आली असावी.

"ऐक," मामा म्हणाले, "एक कविता आहे, त्यात माझ्याकडून एक फर्मा चुकीचा लागला होता. एकोणीस नंबर. म्हणजे झालं असं, की दोन्ही खंडांची पानं..." आणि त्यांनी तिला काळ्या खुणांपासून जिन्याखालच्या ढिगापर्यंत सगळं समजावून सांगितलं. मग खिशातून घडी काढली, त्यावर उतरवून आणलेल्या चार ओळी वाचल्या. मामीने कपाळावर हात मारला.

"छान आहे," ताई म्हणाली. आवाज सपाट होता. "हे कवीचं झालं, बाबा. तो धावला. तुमचं काय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, मामीकडे बघितलं, उशीकडे बघितलं. हिरवी पाठ तिथेच होती, पण तिच्यात याचं उत्तर नव्हतं.

"मी खिडकीत होतो," मामा म्हणाले. "दार लावलं आणि खिडकीत आलो. तू रस्ता ओलांडलास. बॅगेचं एक चाक तुटलेलं होतं, ते मी आदल्या दिवशी बघितलं होतं आणि नीट करायचं राहिलं. तू ती उचलून घेतलीस. डाव्या हाताने. तुझा डावा हात दुखतो, मला माहीत आहे. मला खाली यायचं होतं. बॅग घ्यायला. मी आलो नाही."

पलीकडे कुणीतरी ताईला हाक मारली. ती "आले" म्हणाली, पण हलली नसावी, कारण आवाज तिथूनच आला. "मला वाटलं, तुम्हाला मी नकोशी झाले."

"अगं नाही गं." एवढंच. ते फोन कानाला लावून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "तू ये. शनिवारच्या आधी ये."

"आता कसं जमेल? मी आज बुधवारपर्यंत वाट बघितली, बाबा. सुट्टी मागायची वेळ गेली. उद्या-परवा पूर्ण ड्युटी आहे, शनिवारी पहाटे विमान."

मामीच्या तोंडून "अरे देवा" निघालं. मामा थांबले.

"तुझी खोली कितव्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या. का?"

"लिफ्ट आहे?"

"नाही."

"मग बॅग खाली आणायला माणूस लागेल," मामा म्हणाले आणि फोन मामीच्या हातात कोंबला. चारची बस होती. तीन वाजले होते. मामीने दोन शर्ट पिशवीत भरले, मामांनी ते काढून पुन्हा घडी घातले, मामीने ते हिसकावून पुन्हा भरले. स्टँडवर मामांनी ड्रायव्हरला तीनदा विचारलं की बस कधी पोचते. चौथ्यांदा ड्रायव्हरच म्हणाला, "काका, तुम्हीच चालवता का?" सुटेपर्यंत ते दोनदा चढले आणि दोनदा उतरले. पुस्तक बरोबर घेतलं नव्हतं. मी मुद्दाम बघितलं.

गुरुवारी संध्याकाळी ताईचा मेसेज आला. मामीला चष्मा सापडेना म्हणून मी वाचून दाखवला. 'बाबा सकाळी पोचले. मी ड्युटीवरून आले तर दारात बसले होते, घरमालकीण म्हणाली दिवसभर जिना चढ-उतार करतायत. अजून फारसं बोललेले नाहीत. माझ्या बॅगेची सगळी चाकं काढून ठेवलीयत आणि आता एक परत बसत नाहीये. परवा पहाटे विमान आहे, आई, काय करू यांचं?'

मामीने मला तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "विचार तिला, जेवलेत का दोघं."